घटकेचा पराक्रम आणि जन्माची कमाई

श्रावणांतल्या सोमवारीं ओतुरास कपर्दिकेश्वराची जत्रा भरते. जुन्नर तालुक्यांतील हें गांव माळशेजचा घाट चढून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मांडवी नदीच्या कांठीं देऊळ, देवळांत त्या दिवशीं रचलेल्या तांदुळाच्या पिंडी, आणि तुकोबांचे गुरु म्हणून वारकऱ्यांस पूज्य असलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधि. दर्शन आटोपलें कीं पुरुषमंडळींचे पाय आपोआप कुस्त्यांच्या आखाड्याकडे वळतात. अशाच एका जत्रेंत आम्हीं पाहिलेली एक कुस्ती आमच्या मनांत घर करून राहिली आहे. मिसरूडही नीट न फुटलेल्या एका पोरानें एका नांवाजलेल्या पैलवानास, हलगीचा ताल चढतो न चढतो तोंच, अस्मान दाखविलें. फेटे उडाले, पंचांनीं इनाम हातावर ठेविलें, आणि कडेला बसलेल्या मंडळींनीं त्या पोरास तेथल्या तेथें तालुक्याचा पहिला पैलवान ठरवून टाकलें. आमच्या शेजारीं एक वृद्ध वस्ताद बसले होते. ते म्हणाले, "आजचं इनाम त्याचंच. पण पैलवान कोण, ते चैतातल्या जत्रा होऊ द्या, मग सांगतो."

वस्तादांनीं एका दमांत दोन प्रश्न निराळे करून ठेविले. आज जिंकलें कोण हा एक, आणि मोठा कोण हा दुसरा. पहिल्याचा निकाल मातीवर लागतो व तो मागाहून कोणास फिरवितां येत नाहीं. दुसऱ्यास वर्षें लागतात. क्रिकेटविषयीं आपल्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळ जें बोललें व लिहिलें गेलें आहे, त्यांत ह्या दोन प्रश्नांची गल्लत इतक्या वेळां झाली आहे कीं तिच्यापायीं कांहींच्या पदरीं नसती कीर्ति आणि कांहींच्या पदरीं नसती नाचक्की पडली. निवड समितीच्या हातून जेव्हां ही गल्लत होते, तेव्हां तिची किंमत एखाद्याच्या साऱ्या आयुष्यानें मोजली जाते.

सन १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास, पूना क्लबच्या मैदानावर, रणजी करंडकाच्या स्पर्धेंत महाराष्ट्र आणि काठेवाड ह्यांचा सामना झाला. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले आणि बाद होण्याचें नांवच घेईनात. कमल भांडारकर ह्यांच्या जोडीनें त्यांनीं दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धांवांची भर घातली. भांडारकर २०५ वर गेले, निंबाळकर चालूच राहिले. तिसऱ्या दिवशीं विश्रांतीची वेळ झाली तेव्हां महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ आणि निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धांवा झाल्या होत्या. ब्रॅडमन ह्यांनीं १९३० सालीं सिडनी येथें केलेल्या नाबाद ४५२ धांवांचा जागतिक उच्चांक अवघ्या नऊ धांवांवर राहिला होता. दोनचार षटकांचें काम. परंतु काठेवाडचे नायक राजकोटचे ठाकोरसाहेब ह्यांनीं डाव बंद करा असा हट्ट धरला, आणि तो मानला जात नाहीं असें दिसतांच आपला संघ घेऊन मैदान सोडलें. सामना महाराष्ट्रास मिळाला. उच्चांक हुकला तो कायमचाच.

पुढें पाऊणशें वर्षें निंबाळकरांचें नांव ह्या एका आंकड्याशीं जखडलेलें राहिलें. निंबाळकर म्हटलें कीं ४४३, आणि ४४३ म्हटलें कीं ठाकोरसाहेबांची ती हकीकत. २०१२ च्या डिसेंबरांत, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्याच दिवशीं, ते वारले. एका अनधिकृत कसोटीपलीकडे भारताच्या वतीनें खेळण्याचा योग त्यांस कधीं आला नाहीं. ह्यावर पुष्कळ वाचकांची समजूत अशी कीं हा एका डावाचा राजा. दुबळ्या गोलंदाजीवर एकदां हात धुवून घेतले, एवढेंच. ती गोलंदाजी दुबळी होती हा आक्षेप रास्त आहे; ४ बाद ८२६ हा आंकडाच त्याची साक्ष देतो. पण समजूत मात्र चुकीची आहे, आणि ती तपासून पाहणें अगदीं सोपें आहे. पहिल्या दर्जाच्या ८० सामन्यांत निंबाळकरांनीं ४८४१ धांवा केल्या, सरासरी ४७.९३, शतकें बारा. आतां ह्या राशींतून तो प्रसिद्ध डाव उचलून बाजूला ठेवा. उरतात ४३९८ धांवा. ४४३ चा डाव नाबाद असल्यामुळें भाजक तोच राहतो, आणि सरासरी येते सुमारें साडेत्रेचाळीस. म्हणजे ज्या डावानें हा मनुष्य ओळखला जातो तो डाव झालाच नाहीं असें धरलें, तरीही महाराष्ट्राच्या थोर फलंदाजांच्या पंक्तींतून त्यास उठवितां येत नाहीं. एका डावाच्या दिपविणाऱ्या प्रकाशांत जन्माची कमाई झांकून गेली, हाच येथील अपघात होय.

उचलून बाजूला ठेवण्याची ही परीक्षा आम्हांस फार उपयोगाची वाटते. पुढें ती आणखी कांहींवर करून पाहूं. तत्पूर्वीं थोड्या डावांवर विसंबूं नये असें जाणते लोक कां म्हणतात, हें पाहिलें पाहिजे. जी. एच. वुड ह्या इंग्रज गृहस्थांनीं १९४५ सालीं लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकांत असें दाखविलें कीं फलंदाजाच्या धांवसंख्या साधारणपणें भूमितिश्रेणीनें उतरत जातात. लहान खेळ्या पुष्कळ, मोठ्या विरळा, आणि प्रत्येक धांवेस बाद होण्याची भीति जवळजवळ सारखी. अशा मांडणींत डावाडावांतील हेलकावा सरासरीएवढाच मोठा असतो. ज्याची खरी योग्यता ४० धांवांची आहे असा फलंदाज आठ वेळां बाद होईपर्यंत पाहिला, तर नशिबाच्या नुसत्या हिसक्यानें त्याची सरासरी कधीं २६ वर उतरेल, कधीं ५४ वर चढेल. आणि तीन वेळांपैकीं एकदां ह्या मर्यादाही ओलांडील. दोनशें डाव झाले म्हणजे हाच हेलकावा तीन धांवांच्या आंत येतो. आठ डाव म्हणजे एक दौरा. एका दौऱ्यावर देव आणि दगड ठरविणारे आपण!

ओतुराच्या आसमंतांतील शेतकऱ्यास हें निराळ्या वाटेनें ठाऊक आहे. जुन्नर-आंबेगांवकडे बैलगाड्यांच्या शर्यती घाटांत होतात, आणि प्रत्येक गाड्याची बारी सेकंदांवर मोजली जाते. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं त्यांवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्यें त्यांस परवानगी मिळाली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानेंही ती कायम केली. बारी सुसाट गेली कीं बैलाचा भाव घाटांतच फुगतो. त्या भरांत पैसे मोजणाऱ्यास पुढच्या जत्रेंत बैल मंदावल्यासारखा भासतो, आणि तो विकणाऱ्यास शिव्या देऊं लागतो. बैल बहुधा होता तसाच असतो. घेणाऱ्यानें त्याची उत्तमांतली उत्तम बारी पाहून किंमत केली, आणि उत्तमानंतर येतें तें बहुतेक वेळां साधारणच असतें. गाल्टन ह्या इंग्रज पंडितांनीं १८८६ सालीं आईबापांच्या व मुलांच्या उंच्या मोजून हाच नियम मांडला होता. त्यांस पुष्कळ मोजमापें करावीं लागलीं. आमच्याकडील बैल घेणारास एकदां फसणें पुरतें.

अमेरिकेंत बेसबॉल म्हणून चेंडूफळीचाच एक खेळ आहे, आणि आंकड्यांचा नाद त्या लोकांस आपल्याहून दांडगा. ब्रॅडली एफ्रॉन व कार्ल मॉरिस ह्या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं १९७० च्या हंगामांतील अठरा फलंदाज निवडून त्यांचे पहिले पंचेचाळीस प्रयत्न मांडले, आणि हंगामाच्या उरलेल्या भागांत त्यांनीं काय केलें तें त्याशीं ताडून पाहिलें. रोबेर्तो क्लेमेंटे ह्याला पंचेचाळिसांपैकीं अठरा वेळां यश आलें होतें, म्हणजे हजारीं चारशें. थर्मन मन्सन ह्याला अवघें आठ वेळां, म्हणजे हजारीं १७८. पुढें क्लेमेंटे ३४६ वर उतरला आणि मन्सन ३१६ वर चढला. तो मन्सनचा पहिला पुरा हंगाम होता. आरंभींच्या आंकड्यावरून त्यास घरीं धाडणाऱ्याला पस्तावा झाला असता, कारण त्या वर्षीं आपल्या लीगमधील सर्वोत्कृष्ट नवोदित म्हणून त्याचीच निवड झाली. ह्या दोघां पंडितांची रीत अशी कीं प्रत्येकाचा आरंभींचा आंकडा सर्वांच्या मध्यम आंकड्याकडे ओढून घ्यावा. आणि बहुतेकांच्या बाबतींत ह्या ओढलेल्या आंकड्यानेंच पुढचें अधिक बरोबर सांगितलें. फसगत झाली ती क्लेमेंटेच्या बाबतींत. त्या रीतीनें त्यास तीनशेंच्याही खालीं आणून ठेविलें होतें. कारण रीतीला पंचेचाळीस प्रयत्न तेवढे दिसत होते. त्यामागचीं पंधरा वर्षें आणि फलंदाजीचीं चार अजिंक्यपदें तिला दिसत नव्हतीं. आमच्या वस्तादांस तीं दिसलीं असतीं.

आतां १९७१ सालाकडे वळूं, कारण एका दौऱ्यावरून माणसांची पारख करण्याचा मोह मराठी वाचकांस तेव्हांइतका पूर्वीं कधीं झाला नसेल. अजित वाडेकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला. नायकपद वाडेकरांकडे आलें तेंच मुळीं निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट ह्यांच्या निर्णायक मतानें. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटींत पांच गडी ७५ धांवांवर परतले असतां दिलीप सरदेसाई उभे राहिले. एकनाथ सोलकर ह्यांच्या सोबतीनें त्यांनीं डाव सांवरला आणि स्वतः २१२ धांवा केल्या. पहिला दिवस पावसानें गेल्यामुळें सामना चार दिवसांचा झाला होता, आणि तेवढ्या मुदतीच्या नियमानें वाडेकरांनीं यजमानांवर फॉलो-ऑन लादला. पुढें पोर्ट ऑफ स्पेनला भारत जिंकला. वेस्ट इंडीजवर भारताचा तो पहिलाच कसोटी विजय. त्या दौऱ्यांत सरदेसायांच्या धांवा ६४२ झाल्या, शतकें तीन. त्याच दौऱ्यांत पदार्पण केलेल्या एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरांनीं चारच कसोटींत ७७४ धांवा केल्या, सरासरी १५४.८०.

त्या वसंतांत मुंबईच्या चाळींत कोणी विचारलें असतें कीं ह्या दोघांत थोर कोण, तर उत्तर सोपें नव्हतें. सरदेसाई अनुभवी, अडचणींत उभे राहिलेले, गावसकर कोवळे. मधल्या काळानें गावसकरांच्या विरुद्धही साक्ष दिली. त्या दौऱ्यानंतर पुढचें कसोटी शतक त्यांस १९७४ च्या जूनपर्यंत, मँचेस्टरपर्यंत, मिळालें नाहीं. तीन वर्षें हा फलंदाज एका दौऱ्याचा चमत्कार वाटावा अशीच स्थिति होती, आणि निवड समितीनें १९७३ सालीं त्यास वगळलें असतें तर आंकडे तिच्या बाजूनें बोलले असते. तिनें धीर धरला. आज उचलून बाजूला ठेवण्याची परीक्षा लावली तर काय दिसतें? गावसकरांच्या १२५ कसोटींतील १०,१२२ धांवांतून ती मालिका वजा केली तरी सरासरी ५१ वरून ४८ वर उतरते, एवढेंच. सरदेसायांच्या ३० कसोटींतील २००१ धांवांतून ६४२ वजा केल्या तर सरासरी ३९ वरून साडेएकतिसांवर येते. पहिल्या उदाहरणांत दौरा हा कारकीर्दीचा एक तुकडा आहे. दुसऱ्यांत दौरा हीच जवळजवळ कारकीर्द आहे.

ह्यावरून सरदेसायांस कमी लेखावें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें म्हणजे गल्लत उलट्या दिशेनें करणें होय. मडगांवांत जन्मलेल्या ह्या फलंदाजाचें किंग्स्टनचें इनाम त्याचेंच. त्याच वर्षीं ओव्हलवर इंग्लंडला हरविलें त्या सामन्यांतही त्याच्या ५४ आणि ४० धांवा होत्या. पांच बाद ७५ असतांना जो उभा राहिला, त्याचा तो डाव कोणत्याही भागाकारानें उणा होत नाहीं. इतिहास लिहावयाचा तर १९७१ च्या पानावर सरदेसायांचें नांव वाडेकर-गावसकरांच्या बरोबरीनें आलेंच पाहिजे. फलंदाजांची प्रतवारी लावावयाची तर गोष्ट निराळी.

विनोद कांबळी ह्यांची हकीकत ह्याहून बिकट. शाळकरी वयांत, १९८८ सालीं, हॅरिस ढालीच्या सामन्यांत सचिन तेंडुलकरांसह केलेल्या ६६४ धांवांच्या भागींतील नाबाद ३४९ त्यांच्या. १९९३ च्या फेब्रुवारींत मुंबईस इंग्लंडविरुद्ध २२४, पुढच्याच महिन्यांत दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७, आणि त्याच वर्षीं श्रीलंकेंत आणखी दोन शतकें. पहिल्या सात कसोटींत ७९३ धांवा, सरासरी ११३. नंतरच्या दहा कसोटींत अवघ्या २९१, सरासरी २२. १९९५ च्या नोव्हेंबरांत शेवटची कसोटी खेळले तेव्हां ते तेवीस वर्षांचे होते. एकूण सरासरी ५४.२०. तेंडुलकरांची दोनशें कसोटींनंतरची सरासरी ५३.७८ आहे, आणि ह्या दोन आंकड्यांवरून कट्ट्यावर आजही वाद रंगतात. वाद व्यर्थ आहे. वीसच वेळां बाद झालेल्या फलंदाजाच्या ५४ ला बारा धांवा इकडे किंवा बारा तिकडे असा हेलकावा असतो. दोनशें कसोटींच्या ५३ ला तो नसतो. एक आंकडा दगडावर कोरलेला, दुसरा वाळूवर रेखलेला.

परंतु वाळूवर रेखलेला म्हणजे खोटा नव्हे, आणि येथेंच निवड करणारांची चूक आम्हांस दिसते. त्यांनीं पहिल्या सात कसोटींवरून एक मत केलें आणि पुढच्या दहांवरून दुसरें; दोन्ही वेळां पुरावा थोडाच होता. दीर्घ पुरावा पाहिजे होता तर तो दूर नव्हता. पहिल्या दर्जाच्या १२९ सामन्यांत कांबळींच्या ९९६५ धांवा झाल्या, सरासरी ५९.६७. उसळत्या वेगवान माऱ्यापुढें ते अडखळले हें खरें. प्रांतिक सामन्यांतील गोलंदाजी कसोटीइतकी तिखट नसते हेंही खरें. तरीही सात वजा दहा असा हिशेब करून तेविसाव्या वर्षीं माणसाचा निकाल लावणें, ह्याला पारख म्हणत नाहींत. गावसकरांस तीन वर्षें मिळालीं होतीं.

'हात तापला आहे' ह्या खेळाडूंच्या समजुतीविषयीं येथें दोन शब्द. १९८५ सालीं गिलोविच, व्हॅलोन व ट्व्हर्स्की ह्यांनीं बास्केटबॉलच्या नोंदी तपासून ती निव्वळ भ्रम आहे असा निकाल दिला, आणि तीसेक वर्षें तो शिरोधार्य मानला गेला. २०१८ सालीं मिलर आणि सान्हुर्हो ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं त्या गणनेंतच एक बारीक खोट होती, आणि ती दुरुस्त केली तर हात थोडासा तापतोही. खेळाडूंस वेड्यांत काढण्यापूर्वीं पंडितांनींही आपला हिशेब पुन्हां एकदां तपासावा हें बरें.

आतांपर्यंत आम्ही कारकीर्द हा शब्द असा वापरला कीं जणू ती प्रत्येकास जन्मतःच वांटून दिलेली असते. तसें नाहीं. पद्माकर शिवलकर ह्यांनीं १२४ सामन्यांत १९.६९ च्या सरासरीनें ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यांत तामिळनाडूचा संघ चेपॉकवर त्यांनीं १६ धांवांत आठ आणि १८ धांवांत पांच गडी बाद करून लोळविला. तरीही बिशनसिंग बेदी त्याच तऱ्हेची गोलंदाजी करीत असल्यामुळें त्यांस एकही कसोटी खेळावयास मिळाली नाहीं. त्यांच्याही आधीं पालवणकर बाळू. पुण्याच्या क्लबांत मैदानाची निगा राखतां राखतां गोऱ्या साहेबांस गोलंदाजी टाकीत हा गडी तयार झाला, आणि १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत सर्व सामने मिळून त्यानें ११४ बळी घेतले. चांभाराच्या घरीं जन्मला म्हणून हिंदु संघाचें नायकपद मात्र त्यास शेवटपर्यंत मिळालें नाहीं. तें १९२३ सालीं त्याच्या भावास, विठ्ठलास, मिळालें. ज्यास संधिच नाकारली त्याच्या कोऱ्या पानाकडे बोट दाखवून कारकीर्द कोठें आहे असें विचारणें हा कोडगेपणा होय. अशांचा विचार करतांना जो थोडा पुरावा असेल, एखादा दौरा, एखादा अंतिम सामना, त्याचें वजन वाढलेंच पाहिजे.

पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर हे संस्कृत शिकवीत आणि क्रिकेट खेळत. १९२६ च्या डिसेंबरांत गिलिगन ह्यांचा एम.सी.सी. संघ मुंबईस आला असतां सी. के. नायडूंनीं हिंदु संघाकडून अकरा षटकार मारून १५३ धांवा केल्या, आणि त्याच महिन्यांत अखिल भारतीय संघाकडून देवधरांनीं १४८. नायडूंचा डाव प्रसिद्धीच्या शिखरावर गेला. १९३२ सालीं लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी झाली तेव्हां नायक तेच होते. देवधर त्या वर्षीं चाळीस वर्षांचे होते, आणि इंग्लंडास गेलेल्या संघांत त्यांचें नांव नव्हतें. वय झालें, असा हिशेब कोणी केला असेल तर त्या वेळीं तो शहाणपणाचाच वाटला असेल. १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला. १९४४-४५ च्या हंगामांत नवानगरविरुद्धच्या एकाच सामन्यांत त्यांनीं पहिल्या डावांत १०५ आणि दुसऱ्या डावांत १४१ धांवा काढल्या. त्यांच्या वयाची पन्नाशी तेव्हां उलटून गेली होती.